सॅम, ओटिस की अरिथा : आवाजाची कड कुठे येते ते ऐक

प्रश्न एका एकवीस वर्षांच्या मुलाचा आहे. त्याने लिहिलंय : "ताई, मी बारावीपर्यंत किराणा घराण्याची तालीम घेतली. आता मित्रांच्या बँडमध्ये सोल गातो. आमच्यात रोज भांडणं होतात. सॅम कुक, ओटिस रेडिंग, अरिथा फ्रँकलिन, मार्विन गे, अल ग्रीन, यांत सगळ्यात मोठा आवाज कोणाचा? रेंज कोणाची जास्त? आणि मी गायला सुरुवात कोणापासून करू?"

बाळा, रेंजचं आधी मिटवून टाकू. रेंज म्हणजे गळा खाली-वर किती जातो तो पल्ला. त्यावर सोल, म्हणजे चर्चच्या गाण्यातून निघालेली अमेरिकेतल्या काळ्या लोकांची ही गायकी, मोजायचा असेल तर जॅकी विल्सन बाकी सगळ्यांना घरी बसवेल. ऑपेरात शोभेल असा टेनर, म्हणजे पुरुषाचा उंच पट्टीचा आवाज, होता त्याचा, वरचे सूर तो जिना चढल्यासारखे चढायचा. तरीही तुझ्या यादीत त्याचं नाव नाही, आणि ते तू विसरलास म्हणून नाही. रेंज हे घराच्या क्षेत्रफळासारखं आहे. त्यावरून घरात कोण कसं राहतं ते कळत नाही.

बावीस वर्षं मी गळ्यांवर काम करते आहे, त्याआधी दहा-बारा वर्षं बँडमध्ये आणि चर्चच्या क्वायरमध्ये गायले, आणि त्याच्याही आधी तुझ्यासारखीच तानपुऱ्यासमोर बसले. त्यावरून मी एकच गोष्ट ऐकायला सांगते. प्रत्येक गळ्याला एक कड असते. वर जाताना किंवा जोर लावताना एका जागी गळा म्हणतो, आता बास. आपल्याकडे ती जागा सांधून घ्यायला शिकवतात. सूर असा लावायचा की जोड दिसता कामा नये. सोलमध्ये गायक श्रोत्याला हाताला धरून त्या कडेपाशी नेतो आणि तिथे उभा राहून काहीतरी करतो. ते काय करतो, त्यावरून मी माणूस ओळखते.

ही सवय आली चर्चमधून. अमेरिकेतल्या काळ्या बाप्टिस्ट चर्चमधला प्रवचनकार बोलण्याने सुरुवात करतो. वीस मिनिटांनी ते बोलणं कधी सुरात गेलं हे कळत नाही, आणि शेवटी तो घसा फोडून गात असतो. समोरचे लोक प्रत्येक ओळीला उत्तर देतात. निरूपण करता करता अभंगात शिरणारा कीर्तनकार तू ऐकला असशील, पोवाड्यात मागे झील धरणारे ऐकले असशील, तर ही रचना तुला परकी वाटणार नाही. अरिथाचे वडील सी. एल. फ्रँकलिन हे या कलेतलं फार मोठं नाव. डेट्रॉइटच्या न्यू बेथेल बाप्टिस्ट चर्चमधल्या त्यांच्या प्रवचनांच्या तबकड्या निघायच्या आणि खपायच्या. ती मुलगी कुठे वाढली हे एवढ्यावरून समज.

रे चार्ल्सने नोव्हेंबर १९५४मध्ये अटलांटातल्या एका रेडिओ स्टेशनवर 'आय गॉट अ वूमन' ध्वनिमुद्रित केलं. त्याचा सांगाडा एका गॉस्पेल गाण्याचा, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीताचा होता. देवाच्या जागी बाई आली, एवढाच फरक. धार्मिक लोक खवळले, पण दार उघडलं ते उघडलंच. त्या दारातून सर्वांत देखणेपणाने बाहेर पडला तो सॅम कुक.

आता तुझं भांडण सोडवायचा एक सोपा मार्ग सांगते. एकच गाणं तिघांकडून ऐक. सुदैवाने तसं गाणं आहे : 'अ चेंज इज गॉना कम'. सॅम कुकने ते स्वतः लिहिलं आणि जानेवारी १९६४मध्ये हॉलिवूडमध्ये ध्वनिमुद्रित केलं. ओटिसने जुलै १९६५मध्ये गायलं, सॅम गोळी लागून गेला त्याला तेव्हा सात महिने झाले होते. अरिथाने १९६७च्या सुरुवातीला गायलं. हेडफोन लाव, फोन बाजूला ठेव.

सॅमचं ऐक. व्हायोलिनांची लाट उठते आणि तो पहिल्याच 'आय'वर उंच, लांब, मोकळा सूर लावतो. तयारी नाही, चाचपणी नाही. 'मी' या एका शब्दावर तो इतका वेळ थांबतो की पुढची ओळ येण्याआधीच माणूस उभा राहतो. सूर गोल आहे, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. त्याच्या त्या प्रसिद्ध 'व्हो-ओ-ओ'मध्ये सूर मोडून वर जातो आणि परत येतो. ती आपल्या कानाला मुरकीच वाटते, फक्त मुरकीपेक्षा सैल, जरा आळोखेपिळोखे दिल्यासारखी. सोल स्टिरर्स या गॉस्पेल पथकात असताना त्याने ही हरकत पक्की केली. मग मधला भाग येतो. तो भावाकडे मदत मागायला जातो आणि भाऊच त्याला गुडघ्यांवर आणतो. तिथे सुराला किंचित खर येते, वाळूच्या चार कणांइतकी. पुढच्या ओळीत ती गेलेली असते.

म्हणजे सॅमला कड नव्हती का? होती, त्याने ती झाकली होती. पुरावा हवा तर १२ जानेवारी १९६३ला मायामीच्या हार्लेम स्क्वेअर क्लबमध्ये झालेला त्याचा कार्यक्रम ऐक. तिथे तो खरखरीत, घामाघूम, ओरडणारा सॅम आहे. कंपनीने हे ध्वनिमुद्रण बासनात बांधून ठेवलं, ते बाहेर आलं १९८५मध्ये. गोऱ्या श्रोत्यांसमोरचा, न्यू यॉर्कच्या कोपाकबाना नाइटक्लबमधला १९६४चा सॅम लोकांना आधी मिळाला. इस्त्री केलेला, सभ्य. दोन्ही एकापाठोपाठ ऐकलेस तर कळेल, गोडवा हा या माणसाचा स्वभाव नव्हता, निर्णय होता. इतक्या ताकदीच्या गळ्याने इतका हात राखून गाणं ही मला आजही थक्क करणारी गोष्ट वाटते.

आता ओटिस. व्हायोलिनं गेली, त्यांच्या जागी स्टॅक्सची पितळी वाद्यं आली. स्टॅक्स ही ध्वनिमुद्रण कंपनी, तिचा स्टुडिओ म्हणजे मेम्फिसच्या ईस्ट मॅकलेमोर ॲव्हेन्यूवरचं एक जुनं सिनेमागृह. खुर्च्या काढल्या, पण उतरती जमीन तशीच राहिली. त्या खोलीचा घुमारा या सगळ्या गाण्यांत आहे. तेवीस वर्षांचा ओटिस तिथे सॅमचं गाणं गातो आणि पहिल्या ओळीतच कडेवर पोहोचलेला असतो. त्याच्याकडे सॅमचा गोल सूर नव्हताच. सूर लावला की तो फाटायचा, आणि फाटलेल्या जागेतून तो बोलायचा. शब्द तो सोयीप्रमाणे फिरवतो, ओळी तोडतो, एखादा शब्द दोनदा, तीनदा घेतो, जणू पहिल्यांदा नीट उचलला गेला नाही. सॅम सांगतो की बदल येणार आहे. ओटिस तेच स्वतःला पटवून देतोय असं मला वाटतं, आणि अजून पटलेलं नाही. 'ओटिस ब्लू' या त्या तबकडीवर सॅमची तीन गाणी आहेत. आपल्या दैवताला दिलेली ती मानवंदना आहे, पण त्यात एकही नक्कल नाही.

अरिथाचं सुरू होतं वेगळ्याच ठिकाणी. ती आधी स्वतःची प्रस्तावना जोडते. माझ्या एका जुन्या मित्राने एकदा मनाला भिडेल असं काही सांगितलं, ते असं, आणि मग सॅमची पहिली ओळ. म्हणजे गाणं तिने उसनं घेतलं आहे हे ती आधी कबूल करते. सॅमला ती लहानपणापासून ओळखत होती, त्यामुळे 'जुना मित्र' हे नुसतं गाण्यापुरतं नाही. मग तो भावाचा भाग येतो. सॅमच्या गाण्यात भाऊ त्याला खाली पाडतो. अरिथाच्या गाण्यात भाऊ म्हणतो, बहिणी, मला करायचंय गं, पण माझ्याच्याने होत नाही. एवढा एक बदल, आणि आरोपाच्या जागी दोघांची मिळून असहायता येते. तिचा आवाज तिथे चढत नाही. गप्पा मारताना आपण 'नाही रे जमत' म्हणतो, तसा खाली येतो. नंतर ती चढते तेव्हा अख्खी खोली भरते. पंचविशीही पूर्ण नव्हती तिची.

पियानोही तीच वाजवते आहे, आणि माझ्या मते तिच्या गाण्याचं अर्धं रहस्य तिथे आहे. स्वतः हार्मोनियम धरून गाणारा गायक श्वास कुठे घेणार हे हाताला आधीच माहीत असतं, तसं. कोलंबिया कंपनीने सहा वर्षं तिला वाद्यवृंदासमोर उभं करून छान छान गाणी गायला लावली. वाईट नाहीत ती, पण शोरूममधल्या साड्यांसारखी आहेत. अटलांटिक या दुसऱ्या कंपनीच्या निर्मात्याने, जेरी वेक्सलरने, तिला परत पियानोवर बसवलं आणि जानेवारी १९६७मध्ये अलाबामातल्या मसल शोल्सच्या फेम स्टुडिओत नेलं. पहिल्याच दिवशी भांडण झालं. एक गाणं पूर्ण, एक अर्धवट, आणि अरिथा निघून गेली. शेवटी तिथल्याच वादकांना न्यू यॉर्कला बोलावून काम पुरं केलं. त्या पहिल्या दिवसाचं पूर्ण झालेलं गाणं 'आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन' आहे, आणि त्यातल्या इलेक्ट्रिक पियानोच्या चार सुरांवर मी एक अख्खा वर्ग घेऊ शकते. पण तो आज नको.

'रिस्पेक्ट'बद्दल सगळे सांगतात, म्हणून थोडक्यात. गाणं ओटिसचं, १९६५चं. त्यात घरी आलेला नवरा मान मागतो आहे. अरिथाने ते १४ फेब्रुवारी १९६७ला गायलं. शब्दाची एकेक अक्षरं सुटी करून मारली आणि मागे तिच्या सख्ख्या बहिणींनी, अर्मा आणि कॅरोलिनने, झील धरली. मध्ये सॅक्सोफोनचा तुकडा येतो. त्याचे कॉर्ड सॅम अँड डेव्हच्या एका गाण्यातून उचलले आहेत, मूळ 'रिस्पेक्ट'मध्ये ते नाहीतच. त्याच उन्हाळ्यात माँटेरेच्या महोत्सवात ओटिसने मंचावरून हसत सांगितलं की हे गाणं एका मुलीने माझ्याकडून पळवलं. मला विचारशील तर ओटिसच्या 'रिस्पेक्ट'मध्ये ताल सरस आहे, अरिथाच्या 'रिस्पेक्ट'मध्ये सगळंच.

या वादात ओटिस हरला असं वाटत असेल तर 'ट्राय अ लिटल टेंडरनेस' ऐक, १९६६चं. गाणं मुळात १९३२चं, नाचाच्या वाद्यवृंदांचं, गुळचट. ओटिस सुरुवातीला जवळजवळ काहीच करत नाही. मागे ऑर्गन, गिटारचे तुरळक सूर. मग ड्रमर अल जॅक्सन ड्रमच्या नुसत्या कडेवर काठीने टक-टक सुरू करतो, भिंतीवरच्या घड्याळासारखी. ओटिस अजून खालीच. ती टक-टक त्याला ढकलत राहते, एकेक वाद्य आत येतं, आणि शेवटी तो 'गॉटा-गॉटा, ना-ना-ना' असं नुसतं बोलांत गातो. शब्द संपले, उरले ते तबल्याच्या बोलांसारखे आघात. आपल्याकडे विलंबितातून द्रुतात जातात तेव्हा निदान बंदिश बदलते. इथे एकच बंदिश पावणेचार मिनिटांत घुसळून निघते.

मी चोवीस वर्षांची असताना एका हॉटेलातल्या कार्यक्रमात हे गाणं घेतलं होतं. हौस दांडगी. पहिल्या कडव्यातच जीव ओतला, लोकांनी टाळ्या दिल्या, मी फुगले. शेवटच्या भागात आवाजाच्या नावाने नुसती हवा. बासवाला माझ्याकडे बघून ओठ हलवत होता, 'संपव, संपव.' दुसऱ्या दिवशी कुजबुजूनसुद्धा बोलता येईना. त्या दिवशी समजलं की ओटिसचा ओरडा उधळेपणाचा नाही. तो पैसे मोजून खर्च करतो. पहिली दोन मिनिटं त्याने काय केलं नाही, ते ऐकायचं असतं.

तरीही त्याच्या गळ्याने किंमत दिलीच. १९६७च्या शरद ऋतूत त्याच्या घशावर शस्त्रक्रिया झाली, काही आठवडे बोलणंही बंद. त्यानंतर तो स्टुडिओत आला आणि 'डॉक ऑफ द बे' गायला. ऐक, कडेच्या आसपासही जात नाही. बंदरावर पाय सोडून बसल्यासारखा गातो, आणि शेवटी शीळ वाजवतो. १० डिसेंबर १९६७ला विस्कॉन्सिनमधल्या मोनोना तळ्यात त्याचं विमान कोसळलं. वय सव्वीस. पुढे काय गायला असता याची एकच खूण आपल्याकडे आहे, ती हे गाणं.

आता डेट्रॉइटकडे. तिथल्या मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीची गोष्ट वेगळी, कारण तिथे कड गायकाची नसायची, निर्मात्याची असायची. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचं एक साधं घर, त्यामागच्या गॅरेजमध्ये स्टुडिओ, घुमाऱ्यासाठी माळ्याचा उपयोग. तिथले संगीतकार मुद्दाम गाणं गायकाच्या सोयीपेक्षा वरच्या पट्टीत ठेवायचे. निर्माता नॉर्मन व्हिटफील्डने मार्विन गेला 'आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन' असंच वरून गायला लावलं. मार्विनची कुरकुर होती. पण त्या गाण्यातला घायकुतीला आलेला, आपल्याच प्रेयसीवर संशय घेणारा माणूस त्या पट्टीतूनच तयार झाला. ग्लॅडिस नाइटचं हेच गाणं वर्षभर आधी बाजारात आलं होतं, वेगात, ठसक्यात. तिची बाई जाब विचारते. मार्विनचा माणूस झोपलेला नाही.

आणि तुझ्या यादीत लीव्हाय स्टब्ज नाही, याचा मला खरोखर राग आला. फोर टॉप्स या मोटाउनच्या चौघांच्या पथकाचा मुख्य आवाज. खणखणीत बॅरिटोन, म्हणजे टेनरपेक्षा खालचा आवाज, पण हॉलंड-डोझिअर-हॉलंड हे तिघे संगीतकार त्याच्यासाठी टेनरच्या पट्टीत चाली बांधत, म्हणजे तो सतत टाचा उंचावून गात असतो. १९६७चं 'बर्नाडेट' ऐक. शेवटाकडे सगळं थांबतं. वाद्यं गप्प, तुला वाटतं संपलं, आणि त्या शांततेत तो एकट्याने तिचं नाव हाक मारतो. सूर लावत नाही, हाक मारतो, आणि ती हाक अचूक सुरात असते. रात्री कोणी गल्लीत उभं राहून वरच्या मजल्याकडे बघून ओरडावं तशी. तो क्षण मी वर्गात वाजवते तेव्हा मोबाइलवर बोटं चालवणारी मुलंही मान वर करतात. हे चौघे चार दशकांहून जास्त काळ एकत्र राहिले, त्यांच्यातला एक जाईपर्यंत माणूस बदलला नाही. प्रसिद्धीसाठी स्टब्ज एकटा बाहेर पडला असता तर तुझ्या यादीत असता.

मार्विनकडे परत येते, कारण त्याने पुढे जे केलं ते बाकी कोणाला सुचलं नव्हतं. १९७१चं 'व्हॉट्स गोइंग ऑन' करताना त्याने मुख्य आवाज दोनदा गाऊन ठेवला होता, कुठला बरा ते ठरवायला. ऐकवताना ध्वनिमुद्रकाकडून दोन्ही एकदम वाजले. मार्विनला ते इतकं आवडलं की तसंच ठेवलं, आणि पुढे ती त्याची पद्धतच झाली. त्याच्याकडे तीन आवाज होते : मखमली मधला, वरचा हलका फॉल्सेटो (पुरुषाने काढलेला बारीक, उंच आवाज), आणि चर्चमधला खरखरीत. त्याने त्यांच्यात निवड करणंच सोडलं. तो स्वतःच गातो आणि स्वतःच झील धरतो. एक मार्विन चिंता करतो, दुसरा समजूत काढतो. मंचावर हे एका गळ्याने होत नाही, म्हणून तुमच्या बँडला हे गाणं लागत नाहीये. तुमचा दोष नाही. दोन मुलांना मुख्य ओळ द्या, एकाने अर्धं पाऊल मागे राहावं. मग बघा.

अल ग्रीन तुझ्या यादीतला सर्वांत फसवा. गाणं सोपं वाटतं. पुन्हा मेम्फिस, पुन्हा एक जुनं सिनेमागृह, तिथला रॉयल स्टुडिओ. निर्माता विली मिचेल त्याला सारखं एकच सांगायचा : हळू, अजून हळू. तरुण अलला ओटिस आणि विल्सन पिकेटसारखं गर्जायचं होतं. मिचेलने तो जोर काढून घेतला आणि राहिलं ते 'लेट्स स्टे टुगेदर'. 'सिंपली ब्यूटिफुल' तर जवळपास मायक्रोफोनच्या कानातच सांगितलं आहे. अलची कड वर नाहीये, खाली आहे, जिथे सूर संपून श्वास सुरू होतो तिथे. तिथून तो एकदम फॉल्सेटोत निसटतो, स्वॉन सिल्व्हरटोन्स या पथकाच्या क्लॉड जीटरची ही गॉस्पेलमधली करामत आहे. माझ्या विद्यार्थ्यांपैकी जे किराण्याकडून येतात त्यांना अल ग्रीन लवकर उमजतो. सुराशी लाडीगोडी त्यांना माहीत असते. त्यांना जमत नाही ते ढोलाच्या मागे राहणं. अल ठोक्यानंतर केसभर उशिरा येतो, नेहमी. सम चुकवून नाही, समेला वाट बघायला लावून.

बाकीच्यांबद्दल घाईत सांगते, अन्याय होणार हे गृहीत धरून. मेविस स्टेपल्सचा खर्ज असा की १९५६मध्ये 'अनक्लाउडी डे' रेडिओवर वाजलं तेव्हा शाळकरी वयाची मुलगी गाते आहे यावर लोकांचा विश्वास बसेना. एटा जेम्सचं 'आयड रादर गो ब्लाइंड' ऐक, आणि त्यात ती किती कमी दागिने घालते ते बघ. जेम्स कारचं 'द डार्क एंड ऑफ द स्ट्रीट' चोरट्या प्रेमाचं गाणं आहे आणि तो ते ओरडत नाही, कारण ओरडलं तर शेजाऱ्यांना ऐकू जाईल. कर्टिस मेफील्ड बारीक आवाजात मोठ्या गोष्टी सांगतो. डॉनी हॅथवेवर लिहायला बसले तर हे उत्तर संपणार नाही.

मग मोठा आवाज कोणाचा? अरिथा. मला यात फार विचार करावा लागत नाही. बाकी प्रत्येकाची कड एका जागी आहे आणि त्या जागेशी त्याचं एकच नातं आहे. सॅम ती झाकतो, ओटिस तिच्यावर राहतो, स्टब्जला तिथे ढकललं जातं, अल तिच्याखालून निघून जातो. अरिथा गाण्यागणिक ठरवते. जानेवारी १९७२मध्ये लॉस एंजेलिसच्या एका बाप्टिस्ट चर्चमध्ये ती दोन रात्री गायली. 'अमेझिंग ग्रेस' साधारण अकरा मिनिटं चालतं, आणि शब्द म्हणशील तर दोन कडव्यांचे. एकेका अक्षरावर ती इतका वेळ राहते की ख्याल ऐकणाऱ्याला बढत म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. पियानोवरचे जेम्स क्लीव्हलंड स्वतः गॉस्पेलचे दिग्गज, ते वाजवणं सोडून तोंड झाकून रडायला लागतात. हे चित्रित झालं होतं, पण क्लॅपबोर्ड (प्रत्येक शॉटआधी आपटायची पाटी) न वापरल्यामुळे आवाज आणि चित्र जुळेना, आणि फिल्म ती गेल्यानंतर लोकांसमोर आली. तिच्या हरकती मोजू नकोस. आजकाल रिॲलिटी शोमध्ये एकेका शब्दावर वीस सुरांची लड लावतात, ते सगळं तिच्याकडून आलं, पण उलटं होऊन आलं. तिची प्रत्येक लड कुठल्या तरी शब्दाला घेऊन जाते. तो शब्द काढला तर लडही पडते. करून बघ.

आणि तरी, खरं सांगायचं तर, घरी एकटी असते तेव्हा मी ओटिस लावते.

गाण्याच्या तंत्राबद्दल एकच ताकीद. खर काढायला घसा आवळू नकोस. ओटिस, पिकेट यांचा खरखरीतपणा लहानपणापासून चर्चमध्ये तासन्तास गाऊन आलेला आहे, आणि तरी ओटिसला डॉक्टरकडे जावं लागलं. आधी सूर स्वच्छ लाव, पोटातून आधार दे, मग शेवटच्या क्षणी वरून थोडी हवा सोडून त्याला खरवड. गाणं झाल्यावर घसा खाजला किंवा कोरडा पडला तर तू चुकीचं करतो आहेस, मग ऐकायला कितीही छान वाटो. जुनी मोटाउनची गाणी शक्यतो मोनो मिश्रणातली, म्हणजे दोन्ही कानांना सगळं सारखंच येतं अशी, ऐक. स्टिरिओत ढोल एका कानाला, गायक दुसऱ्या कानाला, आणि तो धक्का निघून जातो.

सुरुवात या पाचांपैकी कोणापासूनच करू नकोस. बिल विदर्सपासून कर, 'एन्ट नो सनशाइन', १९७१. तो तेव्हा कारखान्यात विमानांच्या शौचालयांच्या सीट बसवायचं काम करायचा, वय तिशीपलीकडे, आणि गाणं चालेल याचा भरवसा नव्हता म्हणून नोकरी सोडायला तयार नव्हता. आवाज मध्यम, पल्ला छोटा, कुठेही ओरडा नाही. ढोलावर आहे तोच अल जॅक्सन, 'टेंडरनेस'मध्ये टक-टक करणारा, 'लेट्स स्टे टुगेदर' लिहिणाऱ्या तिघांतला एक. गाण्याच्या मध्यावर विदर्स 'आय नो' हे दोन शब्द सव्वीस वेळा म्हणतो. त्या जागी पुढे शब्द लिहायचे असा त्याचा बेत होता, बाकीच्यांनी सांगितलं, राहू दे असंच.

ते सव्वीस 'आय नो' तू आधी एकट्याने म्हण, वाद्यांशिवाय, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करत. दहाव्याच्या आसपास तुझा आवाज आपोआप चढायला लागेल, काहीतरी नवीन केलं पाहिजे असं वाटेल, बोटं हरकतीसाठी शिवशिवतील. चढू नकोस. सव्वीस होईपर्यंत तिथेच राहा, आणि ते ध्वनिमुद्रण मला पाठव.